मोजू या, समजू या : विमानाची फूटपट्टी कोण तपासतं?

बालदोस्तांनो,

९ जून २०२५ रोजी आपल्या सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याला प्रवासी विमान उडालं, तेव्हापासून वर्गात विमानाच्या प्रश्नांची नुसती झुंबड उडाली. विमानाला ब्रेक असतो का? ढगात वाट कशी दिसते? पायलटला जांभई आली तर? अशा प्रश्नांत एकानं विचारलं, "बाई, आपण जमिनीपासून किती उंच आहोत, हे विमानाला कसं कळतं ओ?" मी सांगितलं की त्यासाठी एक यंत्र असतं. त्यावर चौथीतली एक मुलगी पटकन म्हणाली, "होय की, पण ते यंत्र खरं बोलतंय हे कुणी बघितलं?"

मुलांनो, हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि मोलाचाही आहे. मोजणारे पुष्कळ असतात, मोजणाऱ्याला मोजणारे थोडे. किराणा दुकानातल्या तराजूवर आणि वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तो तुम्ही पाहिला आहे का? नसेल तर आजच पाहा. तराजू साखर मोजतो आणि खातं तराजूला मोजतं. आज आपण असाच एक 'तराजू' पाहू या. त्याचं नाव रेडिओ अल्टिमीटर, म्हणजे रेडिओ लहरींनी उंची मोजणारं यंत्र.

उंची दोन प्रकारची

रेल्वे स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे तुम्ही अंगणात सतरंजीवर लोळत असलात, तरी समुद्राच्या हिशेबात साडेचारशे मीटर उंचावर असता!

विमानात उंची मोजणारी दोन वेगवेगळी यंत्रं असतात. पहिलं हवेच्या दाबावर चालतं. जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो, आणि त्यावरून हे यंत्र समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतं. पण हवेचा दाब रोज बदलतो, सकाळी एक आणि दुपारी दुसरा. म्हणून विमानतळावरून पायलटला त्या वेळचा दाब कळवतात आणि पायलट यंत्र त्याप्रमाणे जुळवून घेतो. त्यात एका हेक्टोपास्कलची चूक झाली, तर उंचीत सुमारे ८ मीटरचा फरक पडतो. आकाशात उंचावर ८ मीटर म्हणजे काहीच नाही. पण धावपट्टीवर टेकताना ८ मीटर म्हणजे जवळजवळ तीन मजले झाले!

म्हणून दुसरं यंत्र लागतं, ते म्हणजे आपला रेडिओ अल्टिमीटर. त्याला समुद्राशी काही देणंघेणं नाही. 'माझ्या पोटाखाली जमीन किती दूर आहे?' एवढंच ते सांगतं. विमान सोलापूरच्या धावपट्टीवर उभं असेल, तर समुद्रसपाटीच्या दाबावर लावलेलं पहिलं यंत्र सुमारे पंधराशे फूट दाखवेल आणि रेडिओ अल्टिमीटर जवळपास शून्य. दोन्ही खरंच बोलतात, फक्त प्रश्न वेगळे आहेत. (विमानाच्या जगात उंची आजही फुटांत सांगतात. १ मीटर म्हणजे सुमारे ३.२८ फूट, हे ध्यानात ठेवा.)

रेडिओ अल्टिमीटर साधारण अडीच हजार फुटांच्या खालीच कामाला येतो. मोठ्या विमानांत उतरताना यंत्राचा आवाज 'पन्नास, चाळीस, तीस, वीस, दहा' असा इंग्रजीत ऐकू येतो, तो याच्याच मोजणीवरून. धुक्यात विमान आपोआप उतरतं तेव्हा नाक कधी उचलायचं आणि इंजिनाचा जोर कधी कमी करायचा, हेही याच आकड्यावर ठरतं.

हाक आणि प्रतिध्वनी

हे यंत्र चालतं कसं? तुमच्यापैकी काही जण विजापूरचा गोलघुमट पाहून आले असतील. तिथं एक टाळी वाजवली की किती वेळा परत येते! आवाज भिंतीला लागून परतला की त्याला प्रतिध्वनी म्हणतात. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. समजा तुम्ही नळदुर्गच्या किल्ल्यात एका उंच तटासमोर उभे राहून हाक मारली आणि बरोबर एका सेकंदानं ती परत आली. तर आवाज जाऊन-येऊन ३४० मीटर चालला, म्हणजे तट १७० मीटरवर आहे. फूटपट्टी नाही, टेप नाही, तरी अंतर कळलं!

रेडिओ अल्टिमीटर हेच करतो, पण आवाजाऐवजी रेडिओ लहर पाठवून. विमानाच्या पोटाला दोन छोट्या चपट्या अँटेना असतात. एक लहर खाली पाठवते, दुसरी परत आलेली लहर ऐकते. अडचण एकच, रेडिओ लहर धावते प्रकाशाच्या वेगानं, सेकंदाला ३ लाख किलोमीटर. विमान ३० मीटर उंचीवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर. याला वेळ किती लागतो? एका सेकंदाचे ५० लाख तुकडे करा, त्यातला फक्त एक तुकडा! आणि उंची एका मीटरपर्यंत अचूक हवी असेल, तर सेकंदाचा १५ कोटींवा भाग ओळखता यायला हवा. असं घड्याळ घेऊन थेट मोजणं सोपं नाही.

यावर शास्त्रज्ञांनी एक सुरेल युक्ती काढली. पेटीवर कुणीतरी सा, रे, ग, म, प असे चढते सूर अर्ध्या अर्ध्या सेकंदानं वाजवतंय आणि समोरच्या डोंगरावरून प्रतिध्वनी येतोय, अशी कल्पना करा. पेटीवर 'प' वाजत असताना डोंगराकडून 'ग' ऐकू आला. म्हणजे प्रतिध्वनी दोन सूर मागे, दोन सूर म्हणजे एक सेकंद, म्हणून डोंगर १७० मीटरवर! घड्याळ पाहिलंच नाही, फक्त सुरांतला फरक ओळखला. रेडिओ अल्टिमीटरही आपल्या लहरीची कंपनसंख्या भराभर चढवत-उतरवत राहतो. परत आलेली लहर त्या क्षणी जाणाऱ्या लहरीपेक्षा जितकी 'मागच्या सुराची', तितकी उंची जास्त. ही कल्पना अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या लॉइड एस्पेनशीड यांनी १९२४ मध्ये मांडली आणि १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते यंत्र विमानात चालवून दाखवण्यात आलं.

आता त्याची परीक्षा

हे यंत्र किती अचूक असावं, याचे नियम ठरलेले आहेत. जुन्या, पुष्कळ वर्षं वापरात असलेल्या एका नियमात कमीत कमी अपेक्षा अशी आहे: १०० फुटांपर्यंत चूक ३ फुटांहून जास्त नको, १०० ते ५०० फुटांमध्ये ३ टक्क्यांहून जास्त नको, आणि त्यावर ५ टक्क्यांहून जास्त नको. आजची चांगली यंत्रं याहूनही बारकाईनं मोजतात. गंमत पाहा, जमीन जवळ येईल तशी परीक्षा कडक होत जाते. कारण वर चूक झाली तर सावरायला वेळ असतो, खाली नसतो.

पण परीक्षा घ्यायची कशी? यंत्राला दर वेळी ७५० मीटरवर नेऊन, खाली टेप सोडून तर मोजता येणार नाही! मग प्रयोगशाळेत टेबलावरच खोटी उंची तयार करतात. ती कशी, हे सोलापूरकरांना चटकन कळेल, कारण आपल्याकडे घरोघरी चादरीच्या सुताच्या कांड्या आणि बॉबिन पाहिलेल्या असतात. बॉबिनवर एवढंसं दिसणारं सूत उलगडलं की केवढं लांब भरतं! तसंच काचेचा बारीक तंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर, रिळावर गुंडाळतात. यंत्रातून निघालेला संदेश त्या रिळातून फिरवून पुन्हा यंत्रात आणतात. वाटेत जेवढा उशीर होतो, तेवढी उंची यंत्राला 'भासते'.

चला, हिशेब करू. काचेच्या तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, हवेतल्या वेगाच्या दोन तृतीयांश. ७५० मीटर उंचीला हवेत जाऊन-येऊन १५०० मीटर. तेवढाच उशीर तंतूत व्हायला हवा असेल, तर तंतू १५०० च्या दोन तृतीयांश, म्हणजे १००० मीटर लांब हवा. एक किलोमीटरचं रीळ टेबलावर ठेवलं, की यंत्राला वाटतं आपण ७५० मीटरवर आहोत! अशी लहानमोठी रिळं लावून एकेक उंची तपासतात. तंतूची लांबी आपल्याला नेमकी माहीत असते, म्हणून यंत्राचं उत्तर बरोबर की चूक, हे लगेच कळतं.

एवढ्यानं परीक्षा संपत नाही. खरी जमीन कधी ओली असते, कधी नांगरलेली, कधी झाडीनं भरलेली. काही ठिकाणाहून लहर जोरात परतते, काही ठिकाणाहून क्षीण. म्हणून प्रयोगशाळेत परतणारा संदेश मुद्दाम मंद करत नेतात. किती मंद झाल्यावर यंत्र गोंधळतं, ते पाहतात आणि लिहून ठेवतात.

दुसरी परीक्षा यंत्र विमानात बसवल्यावर होते. यंत्रापासून अँटेनापर्यंत वायर जाते आणि त्या वायरीतही संदेशाला वेळ लागतो. तो वजा केला नाही, तर विमान धावपट्टीवर उभं असतानाही यंत्र 'हवेत आहे' असं म्हणेल. तुमच्या फूटपट्टीचं टोक झिजलं आणि मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू झाली, तर प्रत्येक उत्तरात एक सेंटिमीटरची चूक येते ना? तसंच हे. म्हणून आधी शून्य ठरवतात. उतरताना विमानाचं नाक वर असतं आणि मागची चाकं आधी टेकतात. त्या क्षणी यंत्रानं शून्य दाखवावं, अशी जुळणी असते. त्यामुळे नंतर विमान सपाट उभं राहिलं की काही विमानांत हा आकडा शून्याच्याही खाली, उणे दोन-चार फूट दिसतो. ते चुकीचं नसतं. हा 'उणे' आकडा लक्षात ठेवा, पुढं त्याची गोष्ट येणार आहे.

तिसरी परीक्षा प्रत्यक्ष आकाशात. ज्या धावपट्टीची उंची सर्वेक्षण करून नेमकी काढलेली आहे, तिच्यावरून वेगवेगळ्या उंचीवर विमान नेतात. त्याच वेळी उपग्रहांच्या मदतीनं विमानाची जागा दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीनं मोजतात आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहतात. गणिताचा ताळा करतो ना, तसाच ताळा.

यंत्राला काय दिसत नाही?

हे यंत्र फक्त खाली पाहतं. मुंबईला घाटकोपरच्या टेकड्यांवरून विमान उतरायला येतं तेव्हा आकडा मध्येच कमी होतो आणि पुन्हा वाढतो. विमान वर गेलेलं नसतं, खालची टेकडी संपलेली असते. मंगळूरचा विमानतळ टेबलासारख्या पठारावर आहे. तिथं आधी दरी, आणि मग एकदम धावपट्टी.

समोर काय आहे, हे तर त्याला अजिबात कळत नाही. आपल्या सोलापूरच्या विमानतळाजवळ सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी होती. विमानसेवा हवी म्हणणारे आणि कारखान्यावर पोट असणारे शेतकरी-कामगार, यांच्यात तिच्यावरून वर्षानुवर्षं वाद झाला. १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. अशा उंच वस्तूचा इशारा हे यंत्र आधी देऊ शकत नाही. म्हणून विमानतळाभोवती किती उंच बांधायचं याचे नियम असतात, नकाशे असतात, डोळ्यांत तेल घालून बसलेली माणसं असतात. एकट्या यंत्रावर सगळा भार टाकत नाहीत.

आठ फुटांची गोष्ट

भार टाकला तर काय होतं? २५ फेब्रुवारी २००९ रोजी तुर्कस्तानचं एक विमान नेदरलँडमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला उतरत होतं. आत १३५ माणसं होती. विमान सुमारे दोन हजार फुटांवर होतं, आणि डाव्या बाजूचा रेडिओ अल्टिमीटर दाखवत होता उणे ८ फूट! म्हणजे 'आपण जमिनीवर टेकलो आहोत.' उजव्या बाजूचा बरोबर होता. पण इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा डाव्याचं ऐकत होती. तिला वाटलं विमान उतरलंच, म्हणून तिनं जोर अगदी कमी केला. विमानाचा वेग घटत गेला. पायलटांच्या ते वेळेवर ध्यानात आलं नाही, आणि विमान धावपट्टीच्या सुमारे दीड किलोमीटर अलीकडे शेतात कोसळलं. नऊ माणसं गेली.

चौकशीत आणखी एक गोष्ट कळली. त्याच विमानात आधीच्या आठ फेऱ्यांमध्ये दोनदा असंच घडलं होतं. दोन्ही वेळा विमान सुखरूप उतरलं. मुलांनो, एकदा निभावलं म्हणजे दुरुस्त झालं असं नव्हे. सायकलचा ब्रेक एकदा लागला नाही आणि आपण पडलो नाही, तर आपण घरी सांगत नाही. सांगायला हवं. त्या दिवशी खरखरलेला ब्रेक हाच खरा निरोप असतो.

गड्ड्याच्या जत्रेतली हाक

अलीकडे या यंत्रापुढं एक नवी अडचण आली, तीही आपल्या मोबाइलमुळे. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत तुम्ही आईची हाक ऐकायचा प्रयत्न केला आहे का? पाळणेवाल्याचा भोंगा बाजूला मोठ्यानं वाजत असेल तर हाक ऐकू येत नाही. भोंगा काही आईचं नाव घेत नसतो, तो फक्त शेजारी असतो आणि मोठा असतो.

रेडिओ अल्टिमीटरसाठी ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा राखून ठेवलेला आहे. अमेरिकेत ५-जी मोबाइलसाठी ३७०० ते ३९८० मेगाहर्ट्‌झचा पट्टा दिला गेला. मध्ये मोकळी जागा राहिली २२० मेगाहर्ट्‌झची. जुनी यंत्रं शेजारचा 'भोंगा' ऐकून चुकतील की काय, अशी भीती निर्माण झाली. १९ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडियानं अमेरिकेला जाणारी काही विमानं रद्द केली, त्यात मुंबईहून नेवार्कला जाणारंही होतं. तपासणी होऊन त्या जातीच्या विमानांना परवानगी मिळाली आणि ती लगेच सुरू झाली. पुढं तिथल्या विमान कंपन्यांनी जुनी यंत्रं बदलली किंवा त्यांना शेजारचा आवाज गाळून टाकणारे फिल्टर बसवले.

आपल्याकडे ५-जीसाठी दिलेला यातला पट्टा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे मोकळी जागा ५३० मेगाहर्ट्‌झ. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागानं मोबाइल कंपन्यांना सांगितलं की, धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्यातले ५-जीचे मनोरे नकोत. यंत्र किती गोंगाटात किती चुकतं, हे प्रयोगशाळेत मुद्दाम गोंगाट करून मोजता येतं. ते कळलं, की मनोरा किती लांब हवा हे ठरवता येतं. भांडून नव्हे, मोजून.

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. मूल प्रयोगाच्या वहीत 'पुस्तकात आहे तेच' उत्तर लिहून आणतं, तेव्हा आपण बरोबरची खूण पाहून खूश होतो. त्याऐवजी 'तुला काय दिसलं?' असं विचारू या. पुस्तकात १०० अंशांवर पाणी उकळतं, आणि घरच्या तापमापीत ९८ आलं, तर ९८ च लिहायला सांगू या. आपण समुद्रापासून उंचावर राहतो, इथं पाणी खरंच थोडं आधी उकळतं! दिसलं तेच लिहिणारं मूल उद्या विमानाखाली उभं राहून 'डावा आणि उजवा आकडा जुळत नाही' असं निर्भयपणे सांगेल. त्या सांगण्यावर शंभर-दीडशे माणसं घरी पोचणार असतात.

करून पाहा

एक मोठी भिंत शोधा, समोर मोकळं मैदान हवं. भिंतीपासून टेपनं ५१ मीटर मोजून उभे राहा. सकाळी, शांत वेळी दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटा. प्रतिध्वनी बरोबर दोन ठोक्यांच्या मध्ये यावा, अशी लय धरा: ठोका, प्रतिध्वनी, ठोका, प्रतिध्वनी. लय जमली की मित्राला घड्याळ लावायला सांगा. पहिला ठोका 'शून्य' म्हणायचा आणि विसापर्यंत मोजायचं. साधारण १२ सेकंद यायला हवेत. हे पाच वेळा करा आणि पाचही उत्तरं लिहा. सगळी सारखी येणार नाहीत, खाडाखोड करू नका. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान उत्तरातला फरक काढा. तुमच्या 'यंत्राचा' नेमकेपणा तो फरकच सांगेल.

डोकं चालवा

१. काचेच्या तंतूचं रीळ ४०० मीटरचं आहे. यंत्राला किती उंची भासेल?

२. यंत्र ४०० फूट दाखवतं आणि ३ टक्के चूक चालते. खरी उंची साधारण कितीपासून कितीपर्यंत असू शकेल?

३. विमान एकाच उंचीवर सरळ चाललं आहे, पण रेडिओ अल्टिमीटरचा आकडा हळूहळू वाढतो आहे. खाली काय असेल?

उत्तरं पुढच्या अंकात. तोवर आपल्या गावच्या स्टेशनची पिवळी पाटी वाचून या आणि समुद्रसपाटीपासूनची उंची वहीत लिहून ठेवा.

तुमची,
बाई